वाळू आपली, चुंबक परक्याचे

दिवाळी जवळ आली की आपल्या परिचयातील अनेक घरांत दर वर्षी एक संकल्प होतो. चिनी दिव्यांच्या माळा घ्यायच्या नाहीत, आकाशकंदील घरीच करायचा, पणत्या गावातल्या कुंभाराकडून आणायच्या. हा संकल्प स्तुत्य आहे. त्यामागे स्वाभिमान आहे आणि चार कारागिरांच्या घरात दिवा लागावा ही आपुलकीही आहे. परंतु २०२५ सालच्या उन्हाळ्यात या बहिष्काराची दिशाच उलटी झाली. ४ एप्रिल २०२५ रोजी चीनने समॅरियम, गॅडोलिनियम, टर्बियम, डिस्प्रोसियम, ल्युटेटियम, स्कँडियम आणि इट्रियम या सात मूलद्रव्यांच्या व त्यांपासून बनणाऱ्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले. परवाने मिळेनात, माल येईना. जपानमध्ये सुझुकी कंपनीला एका लोकप्रिय मोटारीचे उत्पादन काही दिवस थांबवावे लागले. विजेवर चालणाऱ्या दुचाकींचे उत्पादन चुंबकांच्या टंचाईमुळे घटवावे लागत असल्याचे पुण्याच्या बजाज ऑटोने जुलै महिन्यात जाहीरपणे सांगितले.

दिव्यांची माळ घ्यायची नाही, हे आपण ठरवले होते. चुंबक द्यायचे नाही, हे त्यांनी ठरवले. पहिल्या नकाराचा परिणाम किती झाला हे सांगणे कठीण आहे. दुसऱ्याचा परिणाम काही आठवड्यांत चाकणपासून चेन्नईपर्यंतच्या कारखान्यांत दिसला. याचा अर्थ आपला संकल्प चुकीचा होता असा नाही. अर्थ एवढाच, की ज्या वस्तूवाचून आपले अडत नाही तिच्यावरच बहिष्कार घालता येतो. ज्या वस्तूवाचून अडते ती स्वतः बनवता येणे, ही स्वदेशीची पुढची आणि अधिक अवघड इयत्ता आहे.

ही वस्तू नेमकी आहे तरी काय, तिच्यात एवढे सामर्थ्य कोठून आले आणि आपल्याच किनाऱ्यावर तिचा कच्चा माल पडलेला असताना ती आपल्याला का बनवता आली नाही, हे प्रत्येक सुशिक्षित कुटुंबाने समजून घ्यावे असे वाटते. विषय थोडा शास्त्रीय आहे, पण समजण्यास अवघड नाही.

गर्दी आणि संपत

‘रेअर अर्थ’ या नावाने वृत्तपत्रांत गाजणाऱ्या या मूलद्रव्यांना मराठीत विरल मृत्तिका म्हणतात. हे नाव दोन्ही बाजूंनी फसवे आहे. ती माती नव्हेत, धातू आहेत. आणि फारशी विरलही नाहीत. त्यांपैकी सीरियम भूकवचात जवळजवळ तांब्याइतके आढळते. लँथॅनमपासून ल्युटेटियमपर्यंतची पंधरा आणि त्यांच्या जोडीला स्कँडियम व इट्रियम, अशी ही सतरा भावंडे. दुर्मीळ आहे ते त्यांचे एका जागी भरपूर सापडणे, आणि त्याहून अवघड आहे ते त्यांना एकमेकांपासून वेगळे करणे. रासायनिक स्वभावाने ती इतकी सारखी आहेत की एकाला दुसऱ्यापासून निवडण्यासाठी द्रावणांच्या शेकडो टप्प्यांतून जावे लागते.

परंतु या धातूंचे खरे मोल ते सुटे असताना नसते. लोह, कोबाल्ट, निकेल अशा धातूंशी त्यांचा ठरावीक प्रमाणात संयोग झाला म्हणजे जे पदार्थ तयार होतात, त्यांना आंतरधातवीय संयुगे म्हणतात. मिश्रधातू आणि आंतरधातवीय संयुग यांतला भेद शाखेवर जाणाऱ्याला एका वाक्यात सांगता येईल. मैदानावर जमलेली गर्दी आणि आज्ञा होताच त्याच मैदानावर उभी राहिलेली संपत, एवढाच तो भेद. पितळेत तांब्यात जस्त थोडे कमी घातले काय आणि जास्त घातले काय, ते पितळच राहते; अणू जागा मिळेल तेथे बसतात. संयुगात मात्र प्रत्येक अणूची जागा ठरलेली असते, शेजारी ठरलेला असतो, दोघांतले अंतरही ठरलेले असते. त्या रचनेतून असे गुण प्रकट होतात, जे त्या धातूंपैकी एकट्या कोणातच नसतात.

लोहाचे बळ, मृत्तिकेची दिशा

या संयुगांचा सर्वांत मोठा चमत्कार म्हणजे चुंबक. १९६६ च्या सुमारास अमेरिकेच्या वायुदलाच्या ओहायोतील प्रयोगशाळेत कार्ल श्ट्रनाट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, विरल मृत्तिकेचा एक अणू आणि कोबाल्टचे पाच अणू यांच्या संयुगांत असामान्य चुंबकीय गुण आहेत. त्यांतून समॅरियम-कोबाल्ट चुंबकाचा जन्म झाला. तो प्रबळ होता, उष्णतेला दाद देत नव्हता. पण महाग होता. कोबाल्ट प्रामुख्याने आफ्रिकेतील झाईरेतून, म्हणजे आजच्या काँगोतून, येत असे. १९७८ साली तेथील शाबा प्रांतात युद्ध पेटले आणि कोबाल्टचे भाव गगनाला भिडले. जगभरच्या संशोधकांपुढे प्रश्न उभा राहिला, की कोबाल्टऐवजी साधे, स्वस्त लोखंड वापरता येईल का?

याच प्रश्नाने मासातो सागावा या जपानी अभियंत्याला झपाटले होते. ज्या मोठ्या कंपनीत ते होते, तेथे त्यांच्या या कल्पनेला पुरेसा पाठिंबा मिळाला नाही. त्यांनी नोकरी सोडली, १९८२ साली सुमितोमो समूहातील एका कंपनीत रुजू झाले आणि काही महिन्यांतच निओडिमियम, लोह व बोरॉन यांचे चुंबक सिद्ध केले. त्याच सुमारास अमेरिकेत जनरल मोटर्समध्ये जॉन क्रोट स्वतंत्रपणे त्याच संयुगापर्यंत पोहोचले होते. १९८३ साली दोन्ही शोध जगापुढे आले. टंचाईच्या काळात रडत न बसता पर्याय शोधणारी माणसे इतिहास घडवतात, हे सांगण्यासाठी याहून चांगले उदाहरण शोधावे लागणार नाही.

हे चुंबक एवढे बलवान का? लोखंडाच्या खिळ्यावर चुंबक घासले तर खिळा चुंबक होतो. पण एक ठोका बसला की गुण गमावतो. लोहाच्या अणूंत चुंबकीय बळ भरपूर असते, पण ते एका दिशेला टिकत नाही. निओडिमियमच्या अणूत मात्र आतल्या कक्षेत काही इलेक्ट्रॉन असे दडलेले असतात, की त्यांचा आकार गोल नसतो. सभोवतालच्या अणूंच्या रचनेत ते एका विशिष्ट अक्षावर घट्ट बसतात आणि सहजी वळत नाहीत. संयुगात लोहाचे चौदा अणू निओडिमियमच्या दोन अणूंशी जोडले जातात आणि बोरॉनचा एक अणू ती रचना सांधून धरतो. स्फटिकाच्या एका घरात असे एकूण अडुसष्ट अणू असतात. बळ लोहाचे आणि दिशा मृत्तिकेची. संख्येने थोड्या असलेल्यांनी अनेकांना एका दिशेने धरून ठेवावे, हे संघटनेचे सूत्र निसर्गाने येथे अणूंत लिहून ठेवले आहे.

परिणाम असा, की पूर्वीच्या साध्या फेराइट चुंबकाच्या सुमारे दहापट ऊर्जा तेवढ्याच आकारमानात साठवता आली. मोटारी लहान झाल्या, हलक्या झाल्या. संगणकाची हार्ड डिस्क, कानात घालायचा ध्वनिग्राहक, विजेवरची दुचाकी, पवनचक्कीचे जनित्र, शस्त्रक्रियेची सूक्ष्म उपकरणे, क्षेपणास्त्राचे सुकाणू फिरवणारी यंत्रणा, या सर्वांत हेच चुंबक बसले. त्याची एक उणीव आहे. सुमारे ३१० अंश सेल्सियसला त्याचे चुंबकत्व नाहीसे होते आणि त्याच्या बऱ्याच आधीपासून ते दुबळे होऊ लागते. मोटारीच्या तापलेल्या यंत्रात ते टिकावे म्हणून त्यात थोडे डिस्प्रोसियम किंवा टर्बियम घालावे लागते. जेथे उष्णता त्याहून अधिक, तेथे जुने समॅरियम-कोबाल्टच लागते. ते ७०० अंशांपर्यंतही चुंबकत्व राखून असते. म्हणून रडार, उपग्रह आणि विमाने यांत त्याला आजही तोड नाही. चीनच्या एप्रिलच्या यादीत समॅरियम, डिस्प्रोसियम आणि टर्बियम ही तिन्ही नावे होती, हा योगायोग नव्हे.

चुंबकापलीकडे

या संयुगांची कीर्ती चुंबकांपुरती नाही. १९७० च्या सुमारास हॉलंडमधील फिलिप्सच्या प्रयोगशाळेत आढळले की, लँथॅनमचा एक अणू आणि निकेलचे पाच अणू यांचे संयुग हायड्रोजन वायू स्पंजासारखे शोषून घेते आणि थोडी उष्णता दिली की परत करते. त्याच्या पोटात हायड्रोजन इतका दाटीने बसतो, की द्रवरूप हायड्रोजनपेक्षाही त्याची घनता अधिक होते. विजेवर व पेट्रोलवर चालणाऱ्या पहिल्या पिढीच्या संकरित मोटारींतील निकेल बॅटऱ्या याच तत्त्वावर होत्या. आपल्याकडे महामना मालवीयांच्या काशी हिंदू विश्वविद्यालयात प्रा. ओंकारनाथ श्रीवास्तव यांनी अशाच संयुगांत हायड्रोजन साठवून त्यावर दुचाकी आणि तिचाकी चालवून दाखवली होती. हरित हायड्रोजनची चर्चा आज घरोघर पोहोचली आहे. काशीतला तो प्रयोग तिच्या बराच आधीचा.

१९९७ साली अमेरिकेतील एम्स प्रयोगशाळेत पेचार्स्की आणि श्नायडनर यांनी गॅडोलिनियम, सिलिकॉन आणि जर्मेनियम यांचे एक संयुग जगापुढे मांडले. चुंबकाजवळ नेले की ते तापते, दूर नेले की थंड होते, आणि हा परिणाम ज्ञात पदार्थांपेक्षा कितीतरी मोठा होता. वायूविना चालणारा शीतकपाट यातून शक्य होईल, ही आशा आहे. ती अद्याप स्वस्तात उतरलेली नाही, पण मार्ग दिसतो. रुग्णालयांतील एमआरआय यंत्रांत द्रव हीलियम उडून जाऊ नये म्हणून जी अतिशीत यंत्रणा असते, तिच्यात एर्बियम-निकेल व होल्मियम-तांबे अशा संयुगांचे बारीक दाणे वापरले जातात. टर्बियम, डिस्प्रोसियम आणि लोह यांचे एक संयुग चुंबकीय क्षेत्रात ताणले जाते, आखडते. अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेने ते पाण्याखालच्या ध्वनियंत्रांसाठी घडवले.

आणि एक शोध आपल्या मुंबईचा. १९९४ साली कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. आर. नागराजन, डॉ. एल. सी. गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इट्रियम, निकेल, बोरॉन आणि कार्बन यांच्या एका पदार्थात सुमारे १२ केल्विन तापमानाला अतिसंवाहकता असल्याचे जाहीर केले. निकेलसारखा चुंबकीय धातू आणि अतिसंवाहकता यांचे वैर असते, अशी त्या काळची समजूत होती. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतही त्याच वेळी याच कुळातील पदार्थांवर काम चालू होते. त्यातून संयुगांचे एक नवे कुलच उघडले गेले आणि चुंबकत्व व अतिसंवाहकता एकाच घरात कशी नांदतात, याचा अभ्यास जगभर सुरू झाला. बुद्धी आपल्याकडे नव्हती असे म्हणणाऱ्याला हे एकच उत्तर पुरेसे आहे.

काथ्याच्या दोरात अडकलेली वाळू

कच्चा माल नव्हता असेही नाही. १९०९ साली शोंबर्ग नावाच्या जर्मन रसायनतज्ज्ञाला त्रावणकोरहून आलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत मोनाझाइटचे चमकदार कण दिसले. त्या काळी गॅसबत्तीच्या जाळीसाठी थोरियम लागे आणि ते मोनाझाइटमधून मिळे. मग आपल्या किनाऱ्यावरची वाळू जहाजांत भरून युरोपात जाऊ लागली आणि तिच्यापासून झालेल्या बत्त्या परत येऊन आपल्या बाजारात विकल्या जाऊ लागल्या. कापसाची आणि कापडाची जी कथा, तीच या वाळूची.

स्वातंत्र्यानंतर मोनाझाइट कच्च्या स्वरूपात देशाबाहेर जाऊ द्यायचे नाही, हे धोरण ठरले. नेहरूंच्या अनेक धोरणांवर या पानांतून कठोर टीका झाली आहे व पुढेही होईल; परंतु हा निर्णय राष्ट्रहिताचा होता, हे मोकळेपणाने मान्य करायला हवे. १९५० साली इंडियन रेअर अर्थ्स ही कंपनी स्थापन झाली आणि १९५२ च्या डिसेंबरात केरळातील आलुवा येथील तिचा कारखाना राष्ट्राला अर्पण झाला. चीनच्या या क्षेत्रातील उदयाची चाहूलही तेव्हा लागलेली नव्हती.

दुर्दैव असे, की सुरुवात झाली आणि वाट तेथेच थांबली. मोनाझाइटमध्ये थोरियम असल्याने ते अणुऊर्जा कायद्याच्या कुंपणात राहिले. थोरियमच्या सुरक्षेसाठी ते कुंपण आवश्यकही होते. पण कुंपणाच्या आत जे होते ते थोरियमपुरतेच पाहिले गेले. त्याच वाळूतले निओडिमियम हे उपउत्पादन ठरले. आपण क्षार आणि ऑक्साइड बनवले. त्यापुढचे तीन टप्पे, म्हणजे ऑक्साइडपासून शुद्ध धातू, धातूपासून संयुग आणि संयुगाच्या भुकटीपासून दाबून, भाजून केलेला चुंबक, हे प्रयोगशाळांत झाले. मोठ्या कारखान्यांत झाले नाहीत. २०१२ साली एका जपानी समूहाशी करार होऊन आपल्या विरल मृत्तिका विशाखापट्टणमहून जपानकडे जाऊ लागल्या. चुंबक मात्र आपण बाहेरूनच आणत राहिलो. काथ्याच्या दोरातली वाळू शंभर वर्षांनंतरही तीच वाट चालत होती, फक्त ती अधिक धुतलेली होती.

कौटिल्याने आपल्या अर्थशास्त्रात खाणींसाठी आकराध्यक्ष आणि धातूंच्या कर्मशाळांसाठी लोहाध्यक्ष असे दोन निरनिराळे अधिकारी सांगितले आहेत. राज्याचा कोश खाणीतून उभा राहतो हे त्याला ठाऊक होते. आणि खाण असली म्हणजे भट्टी आपोआप पेटत नाही, हेही ठाऊक होते. आपल्या पूर्वजांना सर्व काही अवगत होते, असे म्हणून छाती फुगवणे सोपे आहे. त्यांना जे खरोखर अवगत होते ते आपण आचरणात आणले का, हा प्रश्न अधिक उपयोगाचा. आपण आकराध्यक्ष नेमला. लोहाध्यक्षाचे आसन रिकामे ठेवले.

शेजाऱ्याची तपश्चर्या

चीनवर टीका करताना त्याने केलेले श्रम झाकून ठेवण्यात अर्थ नाही. शू ग्वांगशिएन हे रसायनशास्त्रज्ञ १९५१ साली अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठातून मायदेशी परतले. १९७० च्या दशकात त्यांनी ही जुळी भावंडे एकमेकांपासून वेगळी करण्याच्या टप्प्यांचे असे गणित बसवले, की प्रयोगशाळेतील पद्धत थेट कारखान्यात उतरवता आली. १९९२ साली देंग शियाओपिंग यांनी मध्यपूर्वेचे तेल आणि चीनच्या विरल मृत्तिका यांची तुलना केली, तेव्हा तिच्यामागे वीस वर्षांचे काम होते. १९९५ साली जनरल मोटर्सने आपली चुंबक बनवणारी कंपनी विकली आणि खरेदीदारांत चिनी कंपन्या होत्या; पुढे काही वर्षांत अमेरिकेतील तिचे कारखाने बंद पडले आणि विद्या चीनकडे गेली. कॅलिफोर्नियातील माउंटन पास ही एकेकाळी जगाला पुरवठा करणारी खाण २००२ साली थांबली. डिसेंबर २०२३ मध्ये चीनने चुंबक बनवण्याच्या तंत्रज्ञानाच्या निर्यातीवरच बंदी घातली. जगातील शुद्धीकरणाचा आणि चुंबकनिर्मितीचा सुमारे नऊ-दशांश भाग आज त्याच्या हाती आहे.

या वैभवाची काळी बाजूही आहे. अंतर्मंगोलियातील बाओतोजवळ खाणींच्या विषारी गाळाची विस्तीर्ण तळी साचली आहेत. जमीन, पाणी आणि माणसे यांची किंमत हिशेबात न धरता मिळालेला स्वस्तपणा हा आपला आदर्श असू शकत नाही. पण दीर्घकाळ एका दिशेने चालण्याची चिकाटी मात्र शिकण्यासारखी आहे.

जपानकडूनही शिकावे. २०१० साली सेनकाकू बेटांच्या वादात चीनने त्याचा पुरवठा अडवला. जपानने निषेध केलाच, पण तेवढ्यावर न थांबता ऑस्ट्रेलियातील खाणीत पैसा गुंतवला, चुंबकांतील डिस्प्रोसियम कमी करण्यावर संशोधन केले, आणि २०१६ साली होंडा व दायदो स्टील यांनी जड विरल मृत्तिकांविना बनलेला चुंबक मोटारीत बसवून दाखवला. अपमानाचे रूपांतर त्यांनी संशोधनात केले.

हिशेब स्पष्ट हवा

आपल्याकडेही आता हालचाल सुरू झाली आहे, ही समाधानाची गोष्ट होय. संरक्षण धातुकर्म संशोधन प्रयोगशाळा आणि भाभा अणुसंशोधन केंद्र यांच्या स्वदेशी तंत्रावर उभारलेला समॅरियम-कोबाल्ट चुंबकांचा विशाखापट्टणम येथील प्रकल्प मे २०२३ मध्ये राष्ट्राला अर्पण झाला. त्याची क्षमता वर्षाला तीन हजार किलो. जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रीय महत्त्वपूर्ण खनिज अभियानाला मंजुरी मिळाली आणि २६ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ७,२८० कोटी रुपयांच्या योजनेला संमती दिली. पाच उद्योगांकडून वर्षाला ६,००० टन चुंबक देशात बनावेत, हे तिचे उद्दिष्ट आहे.

अभिनंदन करताना हिशेबही मांडला पाहिजे. अशा चुंबकात वजनाने सुमारे तीस टक्के निओडिमियम आणि त्याचा सोबती प्रासिओडिमियम असतो. म्हणजे ६,००० टनांसाठी सुमारे १,८०० टन धातू हवा. अमेरिकी भूशास्त्र सर्वेक्षणाच्या आकड्यांनुसार भारताचे विरल मृत्तिकांचे एकूण वार्षिक उत्पादन सुमारे २,९०० टन ऑक्साइड आहे आणि त्यात या दोन धातूंचा वाटा पाचवा ते चौथा हिस्सा, म्हणजे सहाशे-सातशे टनांच्या आसपास. म्हणजे चुंबकाचे कारखाने उभे राहिले तरी त्यांच्या तोंडात घालायला पुरेसा घास आज आपल्याकडे नाही. शिवाय आपल्या मोनाझाइटमध्ये डिस्प्रोसियम आणि टर्बियम नगण्य आहेत. साठा ही आपली अडचण नाही. तो जगातील मोठ्या साठ्यांपैकी एक आहे. अडचण आहे ती साठ्यापासून चुंबकापर्यंतच्या साखळीतल्या प्रत्येक कडीची. एक कडी परकी राहिली, तरी दोर त्याच हातात राहतो.

ऑक्टोबर २०२५ मध्ये चीनने आणखी पाच मूलद्रव्ये यादीत घालण्याचे जाहीर केले आणि नोव्हेंबरात अमेरिकेशी समझोता झाल्यावर ते पाऊल वर्षभरासाठी स्थगित ठेवले. सावकाराने तगादा थांबवला म्हणून कर्ज फिटत नाही. भाव पाडून प्रतिस्पर्ध्याला बुडवणे हेही या बाजारातले जुने शस्त्र आहे. म्हणूनच मुक्त व्यापाराचे धडे जगाला देणाऱ्या अमेरिकेच्या संरक्षण खात्याने जुलै २०२५ मध्ये माउंटन पासच्या कंपनीला किलोमागे ११० डॉलर हा किमान भाव दहा वर्षांसाठी बांधून दिला. आपल्या उद्योजकांनाही अनुदानाइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, गरज आहे ती दीर्घ मुदतीच्या निश्चित खरेदीची. संरक्षण दले, रेल्वे आणि वाहन उद्योग यांनी दोन पैसे अधिक मोजून देशी चुंबक घेण्याची हमी द्यायला हवी.

दुसरी गोष्ट किनाऱ्यावरच्या माणसांची. कोल्लम जिल्ह्यातील आलप्पाड येथे वाळू उपशाने किनारा खचतो आहे, अशी तक्रार घेऊन २०१८-१९ साली मच्छीमार कुटुंबे रस्त्यावर उतरली होती. त्यांना विकासाचे विरोधक ठरवून मोकळे होणे अन्यायाचे होईल. ती वाळू त्यांच्या अंगणातली आहे. काढलेली वाळू परत भरणे, थोरियमची निर्धोक साठवण आणि उत्पन्नात गावाचा वाटा, हे सर्व नीट झाले तरच ही संपत्ती खऱ्या अर्थाने राष्ट्राची होईल. स्वदेशी म्हणजे आपल्याच बांधवांच्या अंगणाची लूट नव्हे.

घराघरातील लोहाध्यक्ष

आणि तिसरी गोष्ट आपल्या घरांची. मुंबईच्या आय.आय.टी.त, पुण्याच्या सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठात, नागपूरच्या व्ही.एन.आय.टी.त धातुशास्त्राचे विभाग आहेत. प्रवेशाच्या दिवसांत मात्र संगणकशास्त्राला जागा मिळाली नाही म्हणूनच तिकडे वळावे, असे आपण आपल्या मुलांना कळत-नकळत शिकवतो. रसायनशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्याला ‘पुढे काय?’ असे ज्या स्वरात विचारले जाते, तो स्वर आपण सर्वांनी ऐकला आहे आणि बहुतेकांनी काढलाही आहे. संगणकाच्या ज्ञानाने देशाला नाव आणि पैसा दोन्ही मिळवून दिले, हे खरेच. परंतु भट्टीसमोर उभे राहणारा, भुकटीचा दाणा किती मायक्रॉनचा असावा यासाठी वर्षानुवर्षे झटणारा माणूस समाजात प्रतिष्ठित झाल्याशिवाय ही साखळी पुरी होणार नाही. सागावांना नोकरी सोडावी लागली, शू परदेशातून परतले, काशीत श्रीवास्तवांनी विद्यापीठाच्या तुटपुंज्या साधनांतून गाडी चालवून दाखवली. यांपैकी कोणाचेही काम एका पंचवार्षिक योजनेत मावणारे नव्हते.

काही गोष्टी उद्याच करता येण्यासारख्या आहेत. आपल्या कपाटांत बंद पडलेल्या हार्ड डिस्क, जुने ध्वनिग्राहक, मोबाइल पडून आहेत. प्रत्येकात या संयुगाचा एखादा तुकडा आहे. तो भंगारवाल्याच्या ढिगात न जाता पुनर्चक्रीकरणाच्या अधिकृत केंद्रात गेला, तर ती आपल्या शहरातलीच खाण ठरेल. आपल्या वसाहतीत, शाळेत, वस्तीत असे संकलन करणे हा सेवाकार्याचाच भाग मानता येईल. आपल्या परिचयातील लघुउद्योजकांना या क्षेत्रातील यंत्रे, भट्ट्या आणि चाचणी-साधने यांच्याकडे वळवता येईल. कारण चुंबकाच्या एका कारखान्याभोवती अशा अनेक लहान कारखान्यांची गरज असते. आणि दहावी-बारावीच्या मुलांना एकदा तरी धातुशास्त्राच्या प्रयोगशाळेत नेऊन आणता येईल.

येत्या दिवाळीतही आपण पणत्या कुंभाराकडूनच आणू आणि आकाशकंदील घरीच करू. त्या संकल्पात खंड पडू नये. मात्र अंगणात उभ्या असलेल्या विजेवरच्या दुचाकीकडेही त्या संध्याकाळी एकदा पाहावे. तिच्या चाकात फिरणारे चुंबक कोणाच्या वाळूतून आले, कोणाच्या भट्टीतून निघाले आणि कोणाच्या परवानगीने आपल्या दारात पोहोचले, हा प्रश्न घरातल्या मुलांना विचारावा. त्या प्रश्नाचे तिन्ही ठिकाणचे उत्तर ‘आपल्या’ असे देता येईल, तो दिवस त्यांच्या हयातीत यावा. त्यासाठी त्यांच्यापैकी एखाद्याने भट्टीसमोर उभे राहायला हवे आणि आपण त्याला आनंदाने निरोप द्यायला हवा.